दशलक्षात बत्तीस

अंगठी काढायची, बांगडी काढायची.
पोलादी गिरणीला हात लावायचा नाही;
पात्याची झीज पिठात उतरते
आणि यंत्र म्हणतं, वा, काय हा लोहाळ गहू!
अशी खोटी श्रीमंती एकदा माझ्या हातून झाली.
बारा वाफे. एक अख्खा हंगाम.
रोवीना काही बोलली नाही,
तिने फक्त चिनीमातीचा खल माझ्यापुढे सरकवला.
तेव्हापासून मी असं दळते
की दळणारीचं काही दळणात जाऊ नये.
घरी याच्या अगदी उलट शिकवलं होतं.

नॉरिचबाहेर थर्टलचं शेत.
गहू गुडघ्याच्या जरा वर.
त्याच्या बापाच्या फोटोत तोच गहू
वेस्टकोटाच्या वरच्या गुंडीला लागतो.
बुटका केला म्हणून वाऱ्यात लोळत नाही,
दाणे भरभरून देतो.
मग लोह का घटलं, थर्टलने विचारलं.
म्हटलं, पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढतं.
इंग्रजीत ते नीट बसेना, तरी तो हसला.
त्याच्याही घरी कधी पाहुणे आले असणार.

आम्ही पानांवर जस्त फवारतो,
ओंबीत दूध भरताना, संध्याकाळी, वारा पडल्यावर.
आणि खपलीच्या एका रानटी भाऊबंदाचा गुण
या गव्हात आणू पाहतो:
त्याचं पान लवकर म्हातारं होतं,
पिवळं पडतं, आणि जाता जाता
खिशातलं सगळं दाण्याच्या हातावर ठेवतं.
अहवालात याला पुनर्वहन म्हणतात.
मी दुसरा शब्द शोधला नाही.

एवढ्या खटाटोपाने बत्तिसाचे एकेचाळीस.
दशलक्षात एकेचाळीस,
म्हणजे किलोभर गव्हात
जेमतेम अर्धी टाचणी.
मग पांढऱ्या पावाची गिरणी कोंडा काढते,
कोंड्यासोबत लोह डुकरांच्या पुढ्यात जातं,
आणि कायदा सांगतो म्हणून
लोहाची पूड पिठात पुन्हा कालवतात.
कोंड्याचा मांडा करणारीचं आमच्यात कौतुक.
मांड्यातून कोंडा काढून
वर औषध शिंपडणाऱ्यांसाठी म्हण नाही.
तशी वेळच आली नव्हती.

मार्चमध्ये विंडमला रक्तदान होतं.
लिहितात वायमंडहॅम; मधली अक्षरं
गावाने केव्हाच चाळून टाकली.
चर्चचा हॉल, बिस्किटांचं टेबल,
ब्लेसिंग नावाची नर्स.
तिने बोट टोचलं,
थेंब निळ्या द्रावणात सोडला.
थेंब बुडायला हवा.
माझा मध्येच थांबला,
जरा विचार केला,
वर आला.

काम काय करता, तिने सहज विचारलं.
गव्हातलं लोह मोजते.
ती हसली नाही, हे तिचे उपकार.
एक पत्रक दिलं: मसूर, पालक,
जेवणावर लगेच चहा नको.
चहाचं मला ठाऊक होतं.
तो तक्ता प्रयोगशाळेच्या भिंतीवर
मीच चिकटवला आहे,
किटलीच्या बरोब्बर वर.
बिस्किट मात्र दिलं तिने. म्हणाली, आलात ना.

शनिवारी थर्टलने अर्धं पोतं दिलं.
चाळण खिळ्यालाच राहू दिली.
पीठ रात्रभर आंबवलं,
कोंड्यातलं आम्ल लोहाला मुठीत धरून बसतं,
आंबलं की मूठ सैलावते म्हणतात,
निदान आमचे आकडे तसं म्हणतात.
सकाळी बांगडीसकट हात पिठात घातला.
पोळी जाड झाली, कडेला फाटली,
लोखंडी तव्यावर उलथण्याने खरवडून काढावी लागली.
तव्याचं थोडं तिच्यात उतरलं असेल.
किती, ते मोजलं नाही.
चहा उशिरा घेतला.